गट तीन

गट एक: नुसतं खाद्य.
गट दोन: मक्याचं तेल, मग ते द्रावण.
गट तीन: माशाचं तेल, मग तेच द्रावण.
आठ आठवडे रोज सकाळी मी वाट्या भरत होते,
फतेगंजच्या त्या तळघरात, जिथं पंखा लावला
की वारा येत नसे, भुसा उडायचा.

माशाचं तेल हवा लागली की खवट होतं.
म्हणून बाटलीत नायट्रोजन सोडायचा, बूच घट्ट,
फ्रिजमध्ये, अंधारात, मागच्या कप्प्यात.
आम्हा टिपणिसांच्या घरात पापलेटालाही
एवढा मान कधी मिळाला नव्हता.

सर इंग्रजीत लिहायचे. मी उंदीर फाडताना
मनातल्या मनात मराठीच: हे काळीज.
शाळेत कवितेत काळीज डावीकडे धडधडायचं.
ते असतं उजवीकडे, फासळ्यांखाली,
तपकिरी, गुळगुळीत, मुकाट.
ज्याचं पाणी होतं, जे तुटतं, ज्याचा तुकडा लेकराला म्हणतात
ते हेच,
दिवसभर आपलं विष गाळत बसलेलं.

गट दोनचं पिवळट निघालं, जुन्या साबणाच्या वडीसारखं,
बोटांना तुपकट.
गट तीनचं तितकं नाही.
तितकं नाही, असं वहीत लिहिता येत नाही.
वहीत ग्रॅम लिहायचे.

द्रावणाचा वास गोडसर.
पहिल्या दिवशीच ओळखला होता मी तो.
यदूच्या शर्टाला यायचा.
धाकटा भाऊ माझा, शहराबाहेरच्या कारखान्यात
त्याच द्रावणानं पिंपं पुसायचा, हाताला चिंध्या बांधून,
एकोणीस वर्षं.
त्याचं खाद्य कुणी मोजलं नाही.

डोळे पिवळे झाले तेव्हा आईनं
वाडीतून काविळीची माळ आणली.
माळ उतरत उतरत बेंबीपर्यंत आली,
डोळे होते तसेच.
मी बांगडे आणले. खिडक्या लावल्या,
दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं, मग तवा ठेवला.
यदूच्या शर्टाचा वास एकोणीस वर्षं जिन्यानं वर चढला,
कुणी कधी बेल वाजवली नाही.
बांगड्याला दहा मिनिटं पुरली.
त्या काळात मी सोसायटीच्या तीन मीटिंगांत माफी मागितली.

यदूनं काटे बाजूला काढत विचारलं,
"ताई, ते तिसऱ्या गटातले, वाचले का गं?"
मी म्हटलं, बरे होते.
"मग?"
मग काही नाही. वजन करायचं तर
वाचलेल्यांनाही मारावंच लागतं.
तो हसला. डोक्याची बाजू ताटातच ठेवली.
म्हणाला, "ही तुझ्या सरांना दे."

तेलानं यदूचं काय झालं असतं, मला ठाऊक नाही.
उंदरांचं ठाऊक आहे, तेही अठरा उंदरांचं.
डॉक्टरनं कारखाना सोडायला सांगितलं,
तोवर कारखान्यानंच त्याला सोडला होता.

काल हंसाबेन वर आल्या. तळमजल्याच्या.
मीटिंगमध्ये पदर नाकाला लावणाऱ्या.
बराच वेळ सुरसागरच्या कठड्याबद्दल बोलल्या,
मग आवाज खाली:
"आमचे पण त्याच खात्यात ना, पिंपांच्या.
ते तेलाची गोळी येते म्हणे. वास तर नाही ना येत?"

मी अळशी सुचवली. अळशी खा, शाकाहारी आहे.
त्या म्हणाल्या, "अळशीचं तुम्ही करून बघितलं?"
नव्हतं केलं.
मग कपाटातली बाटली काढली,
निम्म्या गोळ्या मोजल्या, तीस,
हिंगाच्या रिकाम्या डबीत भरल्या.
हिंगापुढे कुणाचं काही चालत नाही.
सांगितलं, आधी रक्त तपासून घ्या,
आधी त्यांना त्या पिंपांपासून उठवा,
हे औषध नाही.
त्या मान हलवत होत्या, नजर डबीवर.

डबी हातात आली की चिठ्ठी लावायची, ही जुनी सवय.
पेनचं टोपण काढलं.
गट, लिहिलं,
आणि पुढं कुठला आकडा, ते सुचेना.